कणीस बघू नका, पान बघा : पाणी तुटल्यावर ज्वारी आत काय करते?



मागच्या जानेवारीत मुखेड तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वही पूर्ण झाली, मग चहाबरोबर ज्वारीचा विषय निघाला. मी उत्साहात सांगून टाकलं, "ज्यांना घरचं बियाणं धरायचंय, त्यांनी काढणीच्या वेळी सगळ्यात मोठी कणसं बाजूला काढा." बाकीच्या गप्प बसल्या. एक मावशी मात्र हसल्या. म्हणाल्या, "पोरी, कणीस काय बघतीस? पान बघ. पान वाळलं तर कणीस कशाच्या जोरावर भरंल?"

मग त्यांनी मला त्यांच्या रानात नेलं. ज्वारी हुरड्याच्या पुढे गेली होती. पाऊस ऑक्टोबरातच थांबलेला, विहिरीला पाणी नाही, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. बऱ्याच ताटांची खालची पानं वाळून पार वरपर्यंत पिवळी पडली होती. पण मधूनमधून काही ताटं अशी होती की त्यांची वरची पाच-सहा पानं अजून हिरवी. रान तेच, पेरणी एकाच दिवशी, पाऊसही तेवढाच. मग फरक कशाचा?

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या शिक्षणात ज्वारी नव्हती. नंतर वाचत गेले, कृषी सहायकांना विचारत गेले. जे समजलं ते तुमच्यासाठी लिहितेय, कारण घरचं बियाणं धरायचं काम आपल्याकडे बहुतेक बायाच करतात.

रब्बीची ज्वारी उधारीवर नाही, शिलकीवर जगते

आपल्या नांदेड-लातूर भागात रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात. उत्तरा आणि हस्त नक्षत्राचा पाऊस काळ्या रानात मुरतो आणि त्या ओलीवर पीक चार महिने काढतं. वरून पुन्हा पाणी येईल याचा भरवसा नसतो. म्हणजे पेरणीच्या दिवशी जमिनीत जी शिल्लक असते, तीच पुरवून वापरायची.

म्हणून या पिकाला पाण्याचा ताण सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त बसतो. आणि शेवटी म्हणजे नेमका कधी? फुलोरा आणि दाणे भरायच्या वेळी. घरात वर्षभराचं धान्य होतं ते शेवटच्या महिन्यात संपावं आणि त्याच महिन्यात लेकीचं लग्न असावं, तसं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. माणसांना रेल्वेने पाणी आलं. रानातल्या पिकाला तशी सोय नाही. त्याला जागेवर उभं राहूनच मार्ग काढावा लागतो. तो मार्ग त्याच्या बियाण्यात लिहिलेला असतो.

बियाण्यात काय लिहिलेलं असतं?

आईचं नाक, बापाची उंची मुलांत उतरते, हे आपण रोज बघतो. असे गुण पिढीतून पिढीत नेणाऱ्या सूचनांना जनुक किंवा जीन म्हणतात. ज्वारीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात आणि त्यावर हे जनुक ओळीने बसलेले असतात. ज्वारीचा हा सगळा नकाशा शास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केला. ज्वारीत साधारण ३० हजार जनुक आहेत. माणसात साधारण २० हजार. म्हणजे मोजायला गेलं तर ज्वारीच्या ताटात आपल्यापेक्षा जास्त सूचना आहेत!

पण सगळ्या सूचना रोज चालू नसतात. आपल्याला पुरणपोळी येते, लोणचं येतं, बाळंतिणीचे लाडू येतात, म्हणून ते सगळं रोज करत नाही. रोज भाकरी-भाजी. ज्याची वेळ आली तेच करायचं. झाडाचंही तसंच. पाणी भरपूर असताना वाढीच्या सूचना चालू असतात. पाणी तुटलं की त्यातल्या काही बंद होतात आणि एरवी झोपलेल्या शेकडो सूचना जाग्या होतात.

ताण बसल्यावर काय काय घडतं?

जमीन सुकायला लागली की मुळं आणि पानं एक रसायन तयार करतात. त्याचं नाव ॲब्सिसिक आम्ल. आपण त्याला "टंचाईचा निरोप" म्हणू. हा निरोप झाडभर फिरतो आणि मग पुढची कामं होतात.

पहिलं काम : पानावरची बारीक छिद्रं मिटतात. डोळ्यांना न दिसणारी ही छिद्रं म्हणजे झाडाची नाकं. तिथून हवा आत येते आणि वाफ बाहेर जाते. ती मिटली की पाणी वाचतं.

दुसरं काम : पानं गुंडाळतात. दुपारी ज्वारीची पानं सुरळीसारखी झालेली आपण बघतोच. ऊन कमी अंगावर घ्यायचा तो उपाय आहे.

तिसरं काम : पेशीच्या आत राखण करणारी प्रथिनं आणि काही द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे पेशीतलं थोडंफार पाणी धरून राहतं आणि पेशी आतून फाटत नाही. उन्हाचा कडाका वाढला तर वेगळी प्रथिनं तयार होतात. ती उष्णतेने बिघडणारी बाकीची प्रथिनं सावरून धरतात.

ज्वारीच्या ताटाला आणि पानाच्या देठाला हात लावला की बोटाला पांढरी भुकटी लागते ना? ते मेण आहे. त्यामुळेही पाणी कमी उडतं. हे मेण तयार करायची सूचनासुद्धा जनुकातच असते. गव्हापेक्षा, भातापेक्षा ज्वारी कोरडवाहूत जास्त टिकते त्याला अशी बरीच कारणं आहेत.

पण यात एक मेख आहे. छिद्रं मिटली की पाणी वाचतं, पण हवाही आत येत नाही. हवा नाही तर पानात अन्न तयार होत नाही. म्हणजे झाड जगतं, पण कणीस भरत नाही. सगळा पैसा पेटीत कुलूप लावून ठेवला आणि चूलच पेटवली नाही, असं ते होतं. नुसतं जगणारं ताट आपल्या कामाचं नाही. ताण सोसून दाणा भरणारं ताट पाहिजे.

बचत करणारं ताट

आता मावशींच्या हिरव्या पानांकडे येऊ.

शेवटी पाणी तुटलं की साधं ताट काय करतं? दाणे भरण्यासाठी ते आपल्याच पानांतलं आणि खोडातलं अन्न ओढून कणसाकडे पाठवतं. पानं वाळतात, खोड आतून पोकळ होतं. अशा अशक्त झालेल्या ताटावर जमिनीतल्या बुरशीचं फावतं आणि खडखड्या रोग येतो. ताट वाऱ्याने लोळतं. दाणा बारीक राहतो आणि कडबाही हलका होतो.

काही ज्वारींमध्ये मात्र शेवटपर्यंत पानं हिरवी राहायचा गुण असतो. या गुणावर जगात खूप अभ्यास झाला आहे. त्यातली एक नावाजलेली ज्वारी मूळ इथिओपियातल्या गावरान ज्वारीपासून आलेली आहे. तिच्या गुणसूत्रांवर या गुणाच्या चार मुख्य जागा शास्त्रज्ञांना सापडल्या. त्या कशा काम करतात हे बघितलं, तेव्हा उत्तर बचत गटाच्या बाईला लगेच पटेल असं निघालं.

ही ताटं सुरुवातीपासूनच काटकसर करतात. त्यांना फुटवे कमी येतात, वरची पानं थोडी लहान असतात. अंगावर पानं कमी म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत पाणी कमी खर्च. ती ओल जमिनीत शिल्लक राहते आणि फुलोऱ्यानंतर कामी येते. तेव्हा पान हिरवं राहतं, अन्न तयार होत राहतं, खोड भक्कम राहतं, दाणा भरतो.

म्हणजे हिरवं पान ही जादू नाही. आधी केलेल्या बचतीचा तो परतावा आहे.

आपल्या देगलूर-उदगीरकडून हैदराबादला जाताना शहराच्या अलीकडे पटणचेरू लागतं. तिथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात ज्वारीची जगभरातली हजारो वाणं जतन केलेली आहेत. तिथे हा गुण आर-१६ नावाच्या रब्बी ज्वारीत आणि एस-३५ नावाच्या दुसऱ्या ज्वारीत संकराने घालून बघितला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट कळली. तेच जनुक दोन वाणांत घातले तरी परिणाम सारखा आला नाही. सून एकच, पण सासर बदललं की तिचं वागणं बदलतं, तसं काहीसं! म्हणून "अमुक जनुक घातला की दुष्काळ पळाला" असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

त्याच सूचनेतून विषही तयार होतं

ताणात जाग्या होणाऱ्या सगळ्याच सूचना आपल्या फायद्याच्या नसतात. पशुसखी ताईंनी हा भाग बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराने पान चावलं की त्यातून सायनाइडसारखं जहाल विष सुटतं. झाड ते स्वतःच्या राखणीसाठी तयार करतं. पाण्याचा ताण बसला, वाढ खुंटली की कोवळ्या ताटात त्याचं प्रमाण वाढतं. यालाच आपण "किराळ लागणं" म्हणतो. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून गुडघाभर वाढलेली खुरटी ज्वारी गाईपुढे टाकली जाते आणि थोड्या वेळात गाय दगावते. काढणीनंतर खुंटाला आलेल्या कोवळ्या फुटव्यांतही हाच धोका असतो.

लक्षात ठेवा :
- पोटरीत यायच्या आतली, त्यातही सुकलेली आणि खुरटलेली ज्वारी जनावराला चारू नका. फुलोऱ्यानंतर धोका बराच कमी होतो.
- नीट वाळवलेल्या कडब्यात हे विष खूप कमी राहतं.
- जनावर धापा टाकतंय, तोंडाला फेस, अंग थरथरतंय, खाली पडलंय, असं दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा आणि "ज्वारी खाल्ली होती" हे आधी सांगा. यावर इंजेक्शन आहे, पण ते फार लवकर मिळावं लागतं.

दुष्काळात बियाणं शिकतं का?

बऱ्याच ताई विचारतात, "दुष्काळी रानातलं बियाणं कणखर होतं का?" याचं उत्तर समजून घ्यायला हवं. ताण बसला म्हणून ताटात नवा जनुक तयार होत नाही. ज्यांच्यात ताण सोसायचा गुण आधीपासून होता, ती ताटं दाणा भरतात. ज्यांच्यात नव्हता, त्यांची कणसं पोचट राहतात. आपण त्यातून कोणती कणसं पुढच्या वर्षाला ठेवतो, त्यावर पुढचं पीक ठरतं. दुष्काळ परीक्षा घेतो. निवड मात्र माणूस करतो, आणि आपल्या घरात ती बहुतेक बाई करते.

मालदांडीचंच बघा. आज घरोघरी भाकरीसाठी जिचं नाव घेतात ती मालदांडी ३५-१ कुठून आली? १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर, शेतकऱ्यांकडच्या गावरान मालदांडीतूनच चांगली ताटं निवडून ती तयार झाली. त्या आधी कित्येक पिढ्या कुणीतरी ते गावरान बियाणं कणगीत जपलं होतं म्हणून निवडायला काहीतरी हाती होतं.

मग निवडायचं कसं?

इथे माझी चूक कुठे झाली ते सांगते. मोठं कणीस दोन कारणांनी येतं : बियाण्याच्या गुणामुळे किंवा जागेच्या गुणामुळे. बांधाकडेला, उकिरड्याच्या जागी, पाणी साचणाऱ्या खोलगटात ताट जोमदार येणारच. ते त्या जागेचं श्रेय आहे. तो गुण पुढच्या वर्षी बियाण्याबरोबर येणार नाही. म्हणून हे टप्पे पाळा.

१. पेरणीच्या आधीच ठरवा की बियाणं कोणत्या रानातून धरायचं. शेजारी वेगळं वाण असेल तर त्या बाजूच्या ओळी सोडा. ज्वारीचं परागीकरण बहुतेक आपल्याच कणसात होतं, पण थोडी भेसळ होते.

२. दाणे भरायच्या वेळी, म्हणजे हुरड्याच्या सुमाराला, रानात फिरा. काढणीला सगळंच वाळलेलं असतं, तेव्हा काही कळत नाही. जुन्या लुगड्याच्या चिंध्या बरोबर घ्या.

३. रानाचे मनातल्या मनात सात-आठ भाग पाडा. प्रत्येक भागातून, आजूबाजूच्या ताटांपेक्षा उजवी दिसतील ती ताटं निवडून चिंधी बांधा. कडेची आणि ज्यांच्या शेजारी जागा रिकामी राहिली आहे ती ताटं नको.

४. पान हिरवं आहे एवढ्यावर थांबू नका. कणीसही भरलेलं पाहिजे. ज्या ताटाला दाणाच धरला नाही, तेही हिरवं राहतं, कारण त्याचं अन्न खर्चच होत नाही. हिरवं पान, भरलेलं कणीस आणि न लोळलेलं खोड, तिन्ही जमलं तरच चिंधी.

५. काढणीला चिंधीची कणसं वेगळी काढा, वेगळी वाळवा, वेगळी झोडपा. एकरी साधारण ४ किलो बियाणं लागतं. त्यासाठी शंभर-सव्वाशे चांगली कणसं धरा. चार-पाचच कणसांवर भागवू नका. सगळं बियाणं एकाच गुणाचं झालं की एखादा रोग सगळंच घेऊन जातो.

६. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७५ च्या वर उगवले तर बियाणं चांगलं.

एक खरं सांगायला हवं. नुकतंच आणलेलं शुद्ध वाण असेल तर त्यातली सगळी ताटं जवळपास सारखीच असतात. तिथे निवड करून बियाणं स्वच्छ राहील, नवा गुण येणार नाही. निवडीचा खरा फायदा घरोघरी मिसळत आलेल्या गावरान बियाण्यात आहे. आणि संकरित बियाण्याचं पीक असेल तर त्याचं बियाणं धरू नका. पुढच्या वर्षी त्याचे गुण फुटून ताटं उंच-बुटकी, वेगवेगळी येतात.

बियाणं एकटं काही करत नाही

गुण कितीही चांगला असला तरी जमिनीत ओलच नसेल तर तो बिचारा काय करणार? म्हणून रान बघून वाण घ्या. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला मालदांडी ३५-१, परभणी मोती किंवा फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा किंवा परभणी मोती. परभणी मोती आपल्या परभणीच्याच कृषी विद्यापीठाचं आहे. फुले नावाची वाणं राहुरीच्या विद्यापीठाची.

कोळपणी चुकवू नका. तीन, पाच आणि आठ आठवड्यांनी कोळपं फिरलं की तण जातं आणि भेगा बुजतात. उघडी भेग म्हणजे ओल बाहेर जायला उघडं दार.

विहिरीला थोडं पाणी असेल तर कधी द्यायचं? एकच पाणी असेल तर पोटरीत येताना, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी. दोन असतील तर एक २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरं पोटरीत. आणखी असेल तर फुलोऱ्यात, ७० ते ७५ दिवसांनी. पोटरीत कणीस आत तयार होत असतं. तेव्हा ताण बसला तर दाण्यांची संख्याच कमी होते, ती पुढे कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही.

पुढच्या बैठकीत

आता आपल्या भागात सोयाबीन, कापूस, हळद वाढली. ज्वारी घरापुरती, एखाद्या तुकड्यात राहिली. त्या तुकड्यावर वर्षाची भाकरी आणि म्हशीचा कडबा अवलंबून असतो, तरी त्याचं बियाणं कोणतं हे कृषी केंद्राच्या दुकानात उभ्याउभ्या ठरतं. त्या वेळी आपण तिथे नसतो.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात घरचं ज्वारीचं बियाणं अजून कोणाकडे आहे आणि ते किती वर्षांचं आहे? आपल्या रानांत हलकी किती, भारी किती? आणि या वर्षी हुरड्याच्या वेळी चिंध्या घेऊन रानात कोण कोण जाणार? उत्तरं ठराव वहीत लिहून ठेवा.

त्या मावशींनी जनुक हा शब्द कधी ऐकलेला नाही. पण सासूने त्यांना पान बघायला शिकवलं होतं आणि त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या कणगीत तेव्हा दोन पायली चिंधीची ज्वारी वेगळी ठेवलेली होती. त्यातली मूठभर त्यांनी मला दाखवली आणि म्हणाल्या, "ही विकायची नाही, ही पेरायची."

तुमची ताई,
क्षेत्र समन्वयक